चीन, चिनी, चायना

दौलताबादचा किल्ला चढताना वाटेत एक पडझड झालेली इमारत लागते. तिला चिनी महाल म्हणतात. १६८७ साली गोवळकोंडा पडला. तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानं इथेच कैदेत ठेवलं, आणि त्याचं उरलेलं आयुष्य या भिंतींमध्ये सरलं. गाइड ही गोष्ट रंगवून सांगतो. महालाला 'चिनी' का म्हणतात, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

उत्तर भिंतीवरच आहे, पण आता थोडंच उरलंय. एकेकाळी हा महाल झिलईच्या रंगीत फरशांनी मढवलेला होता. त्यांचे काही तुकडे अजून टिकून आहेत. ही कारागिरी इराणी वळणाची, चीनची नव्हे. पण फारसीत झिलईच्या भांड्याला 'चिनी' म्हणत, आणि भांड्यावरून तो शब्द फरशीवर गेला. तुर्कीत आजही अशा फरशांना 'चिनी' हेच नाव आहे. आग्र्याला यमुनेकाठी 'चिनी का रौजा' आहे. तिथे निजलेला शाहजहानचा वजीर शिराझचा. म्हणजे थडगं इराण्याचं, देश हिंदुस्थान, आणि नाव चीनचं.

एखाद्या देशाचं नाव असं भिंतीला चिकटतं तरी कसं? त्याचा माग काढताना एक गंमत ध्यानात येते. हे नाव मराठीत एकदा आलेलं नाही, तीनदा आलंय. आधी संस्कृतातून 'चीन', मग फारसीतून 'चिनी', आणि शेवटी इंग्रजीतून 'चायना'. प्रत्येक खेपेला त्यानं सोबत वेगळी वस्तू आणली आणि वेगळी पतही.

रेशमाचं नाव

पहिल्या खेपेला आलं ते रेशीम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात कोणती वस्त्रं असावीत याची यादी आहे. तीत चीनभूमीत होणारं 'चीनपट्ट' आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंत आश्रमातून निघतो. शरीर पुढे चाललंय, मन मागे धावतंय. त्याला कालिदासानं उपमा दिली ती वाऱ्याविरुद्ध नेल्या जाणाऱ्या ध्वजाच्या चीनांशुकाची. प्रेक्षकाला चीनांशुक म्हणजे काय ते सांगायची गरज कवीला वाटली नाही, इतकं ते ओळखीचं होतं.

'चीन' या शब्दाचं मूळ बहुतेक अभ्यासक 'छिन्' या पश्चिमेकडच्या राज्याच्या नावात शोधतात. याच राज्याच्या राजानं इसवी सनापूर्वी २२१ मध्ये बाकीची राज्यं जिंकून पहिलं साम्राज्य उभारलं. पश्चिमेकडून येणाऱ्या व्यापाऱ्याला आधी छिन् लागायचं, म्हणून पलीकडच्या सगळ्या मुलखालाच ते नाव पडलं असावं. वेशीवरच्या घराचं नाव गावाला मिळावं, तसं.

पुढे बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत उतरू लागले. भाषांतर करणाऱ्या भिक्षूंसमोर संस्कृत ग्रंथांतला 'चीन' आला आणि त्यांनी तो उच्चारानुसार 'झीना' असा लिहिला. म्हणजे स्वतःच्याच देशाचं परक्यानं ठेवलेलं नाव त्यांना परक्या पोथीत भेटलं. ते जपानमध्ये जाऊन 'शिना' झालं. विसाव्या शतकातल्या चढाईच्या आणि युद्धाच्या काळात जपान्यांच्या तोंडी ते इतकं हिणवणारं झालं की १९४६ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याला ते वापरू नये अशी सूचना काढावी लागली. शब्द तोच, कालिदासाच्या ध्वजावर तो मानाचा होता.

सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातूनही फिरून गेलेला यात्रेकरू ह्युएन त्संग यानं पंजाबातल्या 'चीनभुक्ती' नावाच्या प्रदेशाची हकिकत लिहून ठेवलीय. कनिष्काच्या काळी चीनकडून आलेले ओलीस तिथे राहत, म्हणून ते नाव. पीच आणि नासपती ही फळं या ओलिसांनीच आणली, असं तो सांगतो. लोक पीचला 'चीनानी' म्हणत आणि नासपतीला 'चीनराजपुत्र'. गंमत अशी की युरोपला हेच पीच इराणमार्गे मिळालं. तिथे ते इराणचं फळ ठरलं आणि शास्त्रीय नावातही 'पर्सिका' होऊन बसलं. फळाला जन्मगावाचं नाव मिळत नाही, शेवटच्या मुक्कामाचं मिळतं. आपली मोसंबी मोझांबिकचं नाव मिरवते ती याच न्यायानं.

वाणी आणि कुंभार

दुसऱ्या खेपेला हे नाव फारसीतून आलं आणि थेट स्वयंपाकघरात शिरलं. दालचिनी म्हणजे मुळात 'दार-ए-चिनी', चीनचं लाकूड. प्रत्यक्षात उत्तम दालचिनी श्रीलंकेची. कबाबचिनी जावा बेटाची. रेवाचिनी मात्र खरोखर त्या बाजूची. दुकानदाराच्या दृष्टीनं 'चिनी' हा पत्ता नव्हता, शिक्का होता: लांबून आलेला, म्हणून मोलाचा माल.

सगळ्यांत सुरस कथा चोपचिनीची. पोर्तुगीज आले आणि त्यांच्यामागून एक नवा गुप्तरोग आला. आपल्या वैद्यांनी त्याला 'फिरंगरोग' म्हटलं. त्यावरचा उतारा म्हणून चीनहून एक मुळी येऊ लागली, तीच चोपचिनी. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती 'द्वीपांतरवचा' नावानं आलीय. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानं १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या औषधीग्रंथात या मुळीवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. रोग फिरंगी, औषध चिनी, आणि दोघांची गाठ पडली कोकणच्या किनाऱ्यावर!

साखरेबाबत मराठी हिंदीपासून वेगळी पडते. हिंदी साखरेला 'चीनी' म्हणते. आपण 'शर्करे'वरून आलेली 'साखर'च धरून ठेवली. इतिहास आपल्या बाजूनं आहे. ६४७ च्या सुमारास तांग सम्राट ताइझोंगनं उसाच्या रसापासून साखर करायची रीत शिकायला मगधात माणसं धाडली, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांतच आहे. चीनमधले संस्कृतचे थोर अभ्यासक जी श्येन्लिन यांनी आयुष्याची अनेक वर्षं याच साखरेच्या प्रवासाचा मागोवा घेण्यात घालवली. विद्या इथून तिकडे गेली, आणि पांढरी शुभ्र साखर त्यांच्या नावानं इकडे ओळखली जाऊ लागली.

आणि मग चिनी माती. तिचं माहेर म्हणजे जिंगदेझेन हे गाव. सुंग सम्राटाच्या 'जिंगदे' कालखंडावरून (१००४–१००७) त्याला हे नाव मिळालं. त्याचं आधीचं नाव 'चांगनान'. त्यावरूनच 'चायना' झालं, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. ती टिकत नाही. चांगनानच्या भांड्यांचं नाव जगात होण्याच्या कित्येक शतकं आधी संस्कृतात 'चीन' रुळला होता.

इथल्या भांड्यात दोन द्रव्यं. एक गाओलिंग टेकडीची पांढरी माती. तिच्यावरून जगाला 'केओलिन' हा शब्द मिळाला. दुसरं एका दगडाचं पीठ. पहिलं तापमान सोसतं आणि आकार धरून ठेवतं. दुसरं वितळून काचेसारखं मधल्या फटी भरतं. जेझुइट पाद्री दाँत्रकोल यानं १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या पत्रांतून ही रीत युरोपला कळवली. कारागीर मातीला हाड आणि दगडाला मांस म्हणतात, हेही त्यात होतं. भट्टी सुमारे १,३०० अंश सेल्सियसपर्यंत तापली की दोन्ही एकजीव होतात. भांडं इतकं पातळ की उजेड आरपार दिसतो, आणि टिचकी मारली की घंटेसारखं वाजतं. त्यावरची प्रसिद्ध निळाई ज्या कोबाल्टची, तो मात्र सुरुवातीला इराणहून येई. चिनी भांड्याचा 'चिनी' निळा रंगही पुरता चिनी नव्हता.

या भांड्यांनी राजांना वेड लावलं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही १०,००० हून अधिक चिनी नग आहेत. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस यानं १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार देऊन १५१ भांडी घेतली. त्याआधीच त्यानं सोनं बनवण्याच्या बाता मारणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुण किमयागाराला डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. पण १७०८ मध्ये चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या साथीनं त्याला चिनी मातीचं कोडं उलगडलं, आणि १७१० मध्ये माइसनचा कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे चौल-रेवदंड्याच्या परिसरात आणि जुन्या गोव्यात चिनी भांड्यांच्या खापऱ्या सापडतात. घरोघर मात्र या नावानं वेगळंच रूप घेतलं. लोणच्याची बरणी काही खरी पोर्सलीन नव्हे; ती जाड, झिलई दिलेली दगडी भांड्यांची जात. पण आजीच्या लेखी ती चिनी मातीचीच. पितळ आंबट आणि खारट सोसत नाही, बरणी सोसते. म्हणून तिला दादरा बांधून फळीवर ठेवली की वर्षाची निश्चिंती. ऑगस्टसनं ज्यासाठी सैनिक मोजले, ते नाव आपल्याकडे कैरीच्या फोडी राखत बसलं.

चायनाची माळ

तिसरी खेप इंग्रजीची. इंग्रजांनीही देशाचं नावच भांड्याला दिलं; शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये चायनाच्या बशांचा उल्लेख आहे. पुढे स्पोडच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून 'बोन चायना' तयार झालं. त्यात जवळजवळ निम्मी राखच. हाड इंग्लंडच्या गुराचं, नाव चीनचं.

क्रिकेटमध्ये या शब्दाचा आणखी एक अवतार आहे. १९३३ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत वेस्ट इंडीजच्या एलिस अचाँगनं वॉल्टर रॉबिन्सला यष्टिचीत केलं. अचाँग चिनी वंशाचा. तंबूत परतणारा रॉबिन्स त्याच्यावरून शिवी हासडून गेला आणि डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठी 'चायनामन' शब्द रूढ झाला, असा किस्सा सांगतात. आता विस्डेननंही ही संज्ञा सोडलीय.

आणि आपला 'चायना माल'? दिवाळीत बाजारात दिव्यांच्या माळा बघा. "चायनाची आहे, गॅरंटी नाही," दुकानदार आधीच सांगून टाकतो. चीनांशुकाची आणि या माळेची आयात एकाच देशातून, पण मधल्या दोन हजार वर्षांत नावाचा भाव पार उतरला. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर तर चीनचाच पत्ता नसतो. मंचुरियन मुंबईत जन्मलं. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी ते केलं, असं मानतात. आलं, लसूण, मिरची आपली; नाव मांचुरियाचं. गोवळकोंड्याच्या सुलतानाच्या कोठडीतल्या फरशांसारखंच हे.

आणि त्यांचं स्वतःचं

हे सगळं आपण ठेवलेलं. ते स्वतःला काय म्हणतात? 'झोंगग्वो', मध्यदेश. शान्शी प्रांतातल्या बावजी इथे १९६३ मध्ये मिळालेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या काशाच्या एका पात्रावर ही दोन अक्षरं कोरलेली आढळली. पण पाचव्या शतकात भारतात आलेल्या फाहियाननं 'झोंगग्वो' हा शब्द वापरला तो मथुरेच्या दक्षिणेकडच्या आपल्या मध्यदेशासाठी! त्या भिक्षूच्या लेखी जगाचा मध्य बुद्धाच्या भूमीत होता.

त्यांचं आणखी एक नाव आहे: 'ह्वा'. अर्थ तेज, बहर. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. या पाचही जणांच्या चिनी नावांत शेवटी 'ह्वा' हे अक्षर आलं. कोटणीस झाले 'के दीह्वा'. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच गेले. त्यांच्या मागे काही महिन्यांचा मुलगा होता. त्याचं नाव 'यिन्ह्वा': 'यिन्' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

दोन हजार वर्षं आपण त्या देशाचं नाव रेशमाला दिलं, मुळीला दिलं, बरणीला दिलं, माळेला दिलं. ते सगळं आपल्या सोयीनं, आपल्या उच्चारात. त्यांच्या तोंडचं, त्यांनी स्वतः निवडलेलं नाव आपल्या माणसाच्या वाट्याला आलं ते या एकदाच. आणि ते कुठल्या वस्तूवर लागलेलं नव्हतं.