सर्व मानव एकाच दांपत्याची संतति काय?

हाबेलाचा वध करून परागंदा झालेला काइन ज्या परक्यांस भ्याला, ते लोक कोण? आणि त्यास बायको मिळाली ती कोठून? इसाक ला पेरेर या फ्रेंच ग्रंथकारानें १६५५ सालीं उत्तर दिलें कीं, आदामापूर्वींही मनुष्यें होतीं. पॅरिसांत ग्रंथ जाळला गेला, १६५६ सालीं ग्रंथकार कैदेंत पडला, व पुढें रोम येथें त्यास आपलें मत मागें घ्यावें लागलें. आम्हां वकिलांस ही उलटतपासणी बिनतोड वाटते; तथापि प्रतिपक्ष अगदींच पोकळ नव्हे. आदामाचें पाप वंशपरंपरेनें सर्वांस लागलें, म्हणून ख्रिस्त सर्वांचा तारक. मूळपुरुष अनेक मानिले तर हा वारसा चालावा कसा? पोप बारावे पायस यांनीं १९५० सालच्या परिपत्रांत याच कारणास्तव तें मत कॅथॉलिकांस वर्ज्य ठरविलें. आनुवंशशास्त्राचा कौल निराळा आहे : मानवजाति एकच खरी, परंतु आपल्या पूर्वजांची संख्या केव्हांही दोघांवर आल्याचें दिसत नाहीं, ती हजारांत मोजावी लागते.

आम्हांस मात्र या वादाची दुसरी बाजू अधिक बोचते. अमेरिकेंत १८५४ सालीं नॉट व ग्लिडन यांनीं मानववंशांचीं मुळें पृथक् असल्याचें प्रतिपादून गुलामगिरीच्या कैवाऱ्यांस शास्त्राची ढाल पुरविली. पाद्री मंडळींनीं त्यांस पाखंडी म्हटलें. पण त्याच प्रांतांतील कित्येक श्रद्धाळू मळेवाले आदामास सर्वांचा पिता मानून, नोहाच्या शापाचा हवाला देत, त्याच आदामाचीं लेंकरें भर बाजारांत लिलावानें विकीत होते.