डोंगरावरच्या राजानें जिंकलेला समुद्र



मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी खर्डीस आली, कीं सह्याद्रीचा तट जवळ आल्याची जाणीव होते. येथून समुद्र कोठेंच दिसत नाहीं. तरीही तेराव्या शतकांतील एका आरमारी युद्धाची हकीकत मी येथूनच आरंभितों. कारण त्या युद्धांत जिंकला तो घाटावरचा राजा आणि बुडाला तो दर्याचा स्वामी.

उत्तर कोंकणांत त्या काळीं शिलाहारांचें राज्य होतें. ठाणें आणि सोपारें हीं त्यांचीं नामांकित बंदरें. अंबरनाथाचें १०६० सालचें शिवालय त्यांच्या वैभवाची साक्ष आजही देतें. घाटापलीकडे देवगिरीस यादव नांदत होते. खर्डीच्या वरचा थळघाट आणि मुरबाडकडे उतरणारा नाणेघाट हे या दोन प्रदेशांमधील जुने दरवाजे. यादवांचें बळ हत्तींत व घोडदळांत, तर शिलाहारांचें बळ बंदरांत व जहाजांत.

१२६० च्या सुमारास महादेव यादव गादीवर आला व त्यानें कोंकणावर चाल केली. शिलाहार राजा सोमेश्वर यानें जहाजांचा आश्रय केला. हत्ती कांहीं समुद्रांत उतरत नाहींत, हा त्याचा हिशेब वरवर पाहतां बिनचूक होता. परंतु यादवांनीं समुद्रावरही त्याचा पाठलाग केला आणि १२६५ च्या सुमारास सोमेश्वर सागरांत बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्रि आपल्या ग्रंथांतील प्रशस्तींत म्हणतो, कीं महादेवाच्या क्रोधापेक्षां सोमेश्वरास वडवानलच बरा वाटला. दरबारी अलंकार वगळला, तरी राजाचा अंत समुद्रांत झाला एवढें निश्चित होतें.

असें युद्ध कसें चाले, हें पाहावयाचें तर बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहावे. कांहीं विद्वान ते अकराव्या शतकांतील मानतात. अनेकजण त्यांचा संबंध याच संग्रामाशीं जोडतात. त्यांवर उंच नाळेचीं, डोलकाठ्या असलेलीं जहाजें ओळीनें कोरलीं आहेत. वल्ह्यांची रांग चालते आहे व वर तिरंदाज उभे आहेत. पुढें अनेक जहाजें एकाच जहाजास घेरून त्यावरील माणसें कापून काढतात. वाऱ्यावर विसंबून न राहतां वल्ह्यांनीं भिडावयाचें, आधीं बाणांचा वर्षाव व मग हातघाई, असा तो क्रम.

भूमध्य समुद्रांतही तेव्हां हीच रीत होती. सिसिली बेटासाठीं अॅरॅगॉन व आंजू हीं घराणीं झुंजत असतां, १२८४ सालीं नेपल्ससमोर लॉरियाच्या रॉजरनें आंजूचा युवराज चार्ल्स यास कैद केलें. तो १२८८ त सुटला आणि पुढें राजा झाला. सोमेश्वराच्या नशिबीं तें नव्हतें. त्याच्याबरोबर त्याचें राज्यही बुडालें. १२७२ च्या ठाणें येथील ताम्रपटांत यादवांचा अधिकारी अच्युतनायक कारभार करतांना दिसतो.

सोमेश्वर चुकला कोठें? मला वाटतें, समुद्र हाच किल्ला, असें त्यानें मानलें. परंतु जहाजास पाणी, धान्य, लाकूड व नावाडी किनाराच पुरवितो. किनारा शत्रूस मोकळा झाला, कीं आरमार आज ना उद्यां पोरकें होतें. आणि त्याच किनाऱ्यावरून शत्रूस नवें आरमार मिळतें.

हेमाद्रीनें राजांचीं नांवें राखलीं. वल्हीं मारणाऱ्यांचीं कोणीं राखलीं नाहींत. एकसरच्या दगडांवर मात्र ते अद्याप वल्हवीत आहेत.