चिठ्ठीविना दोन कॅप्सूल

बाजाराचा दिवस आहे. पहूरच्या चौफुलीवर बसमधून उतरलेला एक मजूर मेडिकलसमोर येऊन उभा राहतो. "भाऊ, अंग कणकणतंय, घसा धरलाय. कडक दोन गोळ्या दे." काउंटरमागे फार्मसी शिकणारा एखादा तरुण असतो. तो डबीतून दोन कॅप्सूल कापून देतो. हे दृश्य पहूरलाच दिसते असे नाही. जामनेर, पाचोरा, शिरपूर, कोठेही दिसेल.

या तरुणाला काही ठाऊक नसते असे समजू नये. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, हे तो परीक्षेत बिनचूक लिहितो. देशात ठिकठिकाणी फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या, त्यांतही हेच दिसले: ज्ञान बरे, पण स्वतःला पडसे झाले की त्यांतले कित्येक जण तीच कॅप्सूल घेतात आणि बरे वाटले की मध्येच सोडतात.

खरे तर आपल्या भागातल्या मुलाला ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. त्याच्या वडिलांनी कपाशीवर तेच औषध पुन्हा पुन्हा फवारले आणि अळी मरेनाशी झाली, हे त्याने घरीच पाहिलेले असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही. शरीरातल्या जंतूंचेही असेच होते. औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता. २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कायदाही आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते; तीत डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण लिहून ती ३ वर्षे जपायची असते.

मग अडते कोठे? मजुराची अडचण खोटी नाही. दवाखान्याच्या रांगेत त्याची दिवसाची मजुरी बुडते. मालक म्हणतो, आपण नाही दिली तर शेजारचा देईल. शिकाऊ मुलगा या दोघांच्या मध्ये सापडतो. ही गोष्ट कोणत्याही पेपरात विचारत नाहीत!

तरी "नाही" म्हणण्याची एक रीत आहे. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगाव्यात. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा पाणीही गिळवेना, तर थेट रुग्णालयात पाठवावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हेही त्या मजुराला काउंटरवरच सांगता येते.