यकृत मिळालं, पुढे काय?

मंडळी, 2012 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख चेन्नईत गेले, यकृत-प्रत्यारोपण होण्याआधीच. यकृत बदलता येतं, हे तेव्हा मराठवाड्यात घरोघरी कळलं. पण बदलल्यावर काय, यावर आपण फारसं बोललो नाही.

आम्ही तत्त्वज्ञानवाले 'मी' म्हणजे कोण यावर वर्षानुवर्षं तास घेत बसलो. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, एवढंच बघतात: आपलं की परकं? आईनं लेकराला यकृताचा तुकडा दिला तरी त्यांच्या लेखी तो परकाच. म्हणून टॅक्रोलिमस. जपानात त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून 1984 साली मिळालेलं हे औषध टी-पेशींना मारत नाही. त्यांना चेतवणारं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवतं.

मात्रा कमी पडली तर शरीर यकृत नाकारतं. जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा, वर संसर्गाचं भय. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी बघायची. साधं पपनस खाल्लं तरी ती चढू शकते, बरं का.

ऑपरेशन होतं मोठ्या शहरात, माणूस परततो जिंतूरला, गंगाखेडला. भूक लागते, शेतात जायला लागतो. मग म्हणतो, "बरा झालो की, आता कशाला गोळ्या?" घात इथंच. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळं. नकार सुरू होताना बऱ्याचदा काही दुखत-खुपत नाही. रक्ताच्या तपासणीतच कळतं. काळ जातो तशी मात्रा पुष्कळदा कमी करता येते, यकृत त्या मानानं सोशिक आहे. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध शेजारणीनं कितीही मायेनं आणून दिलं, तरी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.