घरी दोन कुत्रे असताना तिसरा आणावा का?

प्रतिनिधी, बुलडाणा – भाद्रपद सरून नऊ-दहा आठवडे लोटले, की जिल्ह्यातील गावोगावी कडब्याच्या गंजीआड, पडक्या गोठ्यांत आणि बसस्थानकांच्या मागे कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. कुत्र्यांचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. त्यामुळे सोयाबीन घरात येऊन कापसाची वेचणी सुरू होते, नेमकी त्याच सुमारास ही पिल्ले डोळे उघडतात. त्यांतील एखादे शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या मागे मागे थेट अंगणात येते. ज्या घरी एकही कुत्रा नाही, तेथे त्याचे स्वागत होते किंवा त्याला हाकलले जाते. ज्या घरी आधीच दोन कुत्रे आहेत, तेथे मात्र प्रश्न उभा राहतो, की आता तिसरा ठेवावा काय?

पहिला कुत्रा राखणीसाठी आणला जातो. दुसरा पहिल्याला सोबत म्हणून येतो. तिसरा मात्र बहुतेक वेळा कोणीही निर्णय न घेता घरचा होऊन बसतो, आणि पुढे उद्भवणाऱ्या अडचणींचे मूळ यातच असते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार पिल्लाकडे पाहून करण्यापूर्वी आधीच्या दोघांकडे पाहून करणे इष्ट ठरते.

दोघांचे नाते एक, तिघांची नाती तीन

घरात दोन कुत्रे असले, की त्यांच्यात एकच नाते असते. कोण आधी खाणार, उंबऱ्याशी कोण झोपणार, हे काही आठवड्यांत ठरते आणि घर शांत होते. तिसरा येताच एका नात्याची तीन नाती होतात. पहिल्या दोघांचे जमत असले, तरी तिसऱ्याचे दोघांशी वेगवेगळे जमावे लागते. दोघांनी मिळून एकाला दूर लोटण्याचे प्रकारही घडतात.

पिल्लू लहान असेतोवर हा ताण फारसा दिसत नाही. मोठे कुत्रे पिल्लाची बरीच दांडगाई सहन करतात. ते वर्षा-दीड वर्षाचे होऊन वयात आले, की खरी परीक्षा सुरू होते. त्यातही दोन माद्या किंवा निर्बीजीकरण न झालेले दोन नर एकाच अंगणात असतील, तर भांडणे विकोपाला जाण्याची शक्यता अधिक असते. अशी भांडणे सोडविताना घरच्याच माणसांना चावे बसतात. झुंजणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात घालू नये. पाण्याची बादली ओतावी किंवा मध्ये फळी सरकवावी.

आधीच्या दोघांपैकी एखादा म्हातारा, आजारी किंवा भित्रा असेल, तर तिसऱ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. उतारवयातील कुत्र्याला विसावा लागतो, आणि तीन महिन्यांचे पिल्लू तो नेमका हिरावून घेते.

पाव क्विंटलाचा हिशेब

ग्रामीण भागात कुत्र्याचे पोट घरातील उरल्यासुरल्यावर चालते, असा समज आहे. एका कुत्र्यापुरता तो बऱ्याच अंशी खरा असतो. तिघांच्या बाबतीत मात्र उरलेले पुरत नाही. त्यांच्यासाठी वेगळे रांधावे लागते. पंधरा ते वीस किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते १००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी धरली, तर तिच्यातून तीनशे ते साडेतीनशे किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका कुत्र्याला अडीच-तीन भाकरी, आणि तिघांना मिळून महिन्याकाठी सुमारे पाव क्विंटल पीठ. शिवाय केवळ भाकरीवर कुत्रा धडधाकट राहत नाही. दूध, अंडी, मांस यांपैकी काही ना काही प्रथिनयुक्त अन्न त्याला द्यावेच लागते. कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा रस्सा त्याच्या पुढ्यात टाकण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण त्याने कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

पाण्याचेही तसेच. वीस किलोच्या कुत्र्याला एरव्ही दिवसाला लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हेही मोजूनच ठरवावे लागते.

पैशांपेक्षाही दुर्मीळ वस्तू म्हणजे वेळ. वर सांगितल्याप्रमाणे पिल्ले येतात ती वेचणीच्या दिवसांत. घरातील सारी माणसे सकाळीच शेतात जातात. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस माणसांची, आवाजांची, इतर जनावरांची ओळख होण्याचे असतात. ते दिवस दावणीला बांधून एकट्याने गेले, तर पुढे तो कुत्रा भित्रा तरी होतो किंवा चावरा तरी.

लसीचे कार्ड काय सांगते?

रेबीजने दगावणाऱ्या माणसांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रुग्णांना हा रोग कुत्र्यापासून झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्याला ही लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी लागते. त्यानंतरची मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि पुढे दरवर्षी. म्हणजेच रस्त्यावरून आलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू लस नसलेलेच असते. ‘लहानसे पिल्लू आहे, दातच लागला’ म्हणून मुलांच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने द्याव्या लागतात. पार्वोचा विषाणू अंगणातील मातीत कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवावे. जंतांचे औषध आणि गोठ्यातील गोचिडांचा बंदोबस्त हेही ओघाने आलेच.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे. निर्बीजीकरणाविना तिसरी मादी घरात आली, तर पुढचा प्रश्न चौथ्या कुत्र्याचा नसून नवव्या-दहाव्याचा असतो.

राखणीला तिसरा हवा?

रोही आणि रानडुकरांनी त्रस्त झालेले शेतकरी जागलीसाठी तिसरा कुत्रा हवा, असे म्हणतात. ही गरज खरी आहे. तथापि बुलडाणा-खामगाव मार्गावरील बोथ्याच्या जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत, त्यांनी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य बिबट आणि अस्वलांचे घर आहे, आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य. विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक, ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. रात्री शेतात साखळीने बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. त्याला बंदिस्त निवारा देता येणार नसेल, तर राखणीसाठी आणलेला तिसरा कुत्रा आमिष ठरण्याचा धोका असतो.

मोकळे सोडावे, तर तीन कुत्र्यांची टोळी होते आणि ती वन्यप्राण्यांचा पाठलाग करते. रोगही घेऊन जाते. गुजरातच्या गीर अरण्यात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांतील काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. अरण्यालगतच्या घरातील कुत्र्याची लस ही म्हणूनच केवळ त्या घराची बाब राहत नाही.

कायद्याची चौकट

जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ प्रमाणे कुत्र्याला अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, त्याला पुरेसे अन्न-पाणी न देणे आणि उपाशीतापाशी सोडून देणे हे गुन्हे आहेत. पाळीव जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबाबत दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना असे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा ठेवली. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. घरात घेतलेला कुत्रा दहा-बारा वर्षांसाठी घेतलेला असतो, हेच तत्त्व यामागे आहे.

होकार द्यावयाचा झाल्यास

पहिली भेट अंगणात न घडविता घराबाहेरच्या मोकळ्या जागेत, एकेका कुत्र्याशी स्वतंत्रपणे घडवावी. तिघांची भांडी तीन आणि एकमेकांपासून दूर असावीत. जुन्यांना आधी वाढावे, त्यांना आधी गोंजारावे. पिल्लू मोठ्यांजवळ असताना घरातील जाणत्या माणसाने लक्ष ठेवावे. हे काम मुलांवर सोपवू नये. एकाच वेतातील दोन पिल्ले एकदम आणण्याचा मोह टाळावा. ती माणसांपेक्षा एकमेकांतच गुंततात.

नकार द्यावयाचा झाल्यास

नकार देणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. पिल्लू पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या बाजारात सोडणे हा मात्र खचितच निर्दयपणा आहे. पिल्लू आईचे दूध पीत असेल, तर आठ आठवड्यांपर्यंत त्याला तिच्यापासून तोडू नये. तोवर आईला खाऊ घालावे, पिल्लाला योग्य वयात लस टोचून घ्यावी आणि नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत एकही कुत्रा नसलेले घर शोधावे. तिसऱ्या स्थानापेक्षा पहिले स्थान त्यालाही अधिक मानवेल.

आणि तरीही मन होत नसेल, तर एक साधी कसोटी आहे. आज सायंकाळी घरातील दोन्ही कुत्र्यांची लसीकरणाची कार्डे काढून पाहावीत. दोन्ही कार्डे सापडली, त्यांवरील शेवटची तारीख वर्षाच्या आतील असली आणि दोघांचेही निर्बीजीकरण झालेले असले, तर त्या घराला तिसऱ्याचा विचार करण्याचा अधिकार आहे. कार्ड शोधावे लागत असेल, तर अंगणातील पिल्लाला उत्तर देण्याआधी दोघांना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी.