निर्मळची वेलांटी, निर्मळचा रफार

वसईजवळच्या निर्मळला कार्तिकात यात्रा भरते. यात्रेचं एखादं पत्रक नव्वदच्या दशकात डीटीपीवर जुळवलेलं असेल, तर त्याची फाईल आज उघडल्यावर बहुधा रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा काला दिसतो. वेबसाइटवर मराठी बिघडते तेव्हाही असाच काला दिसतो. पण हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी सोपा रोग. संगणक अक्षरं नव्हे, अंक साठवतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'वसई'तला व म्हणजे २२४, १६४, १८१. हेच बाइट ब्राउझरने लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय तक्त्यावरून वाचले, तर एका 'व'ऐवजी तीन परकी चिन्हं उमटतात. देवनागरीत दुसरा बाइट नेहमी १६४ किंवा १६५ असतो आणि त्या तक्त्यात १६५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह. बिघडलेल्या मजकुरात येन पुन्हा पुन्हा दिसलं, की हाच रोग समजावा. पान कोणत्या तक्त्याने वाचायचं याची सर्व्हरच्या हेडरमधली घोषणा पानातल्या घोषणेवर मात करते, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. मग डेटाबेस पाहावा: मायएसक्यूएल २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत आपणहून लॅटिन-१ धरत असे. बाइट शाबूत असतील तर मजकूर पूर्ण परत मिळतो.

उलट्या दिशेची चूक मात्र घातक ठरते. उदाहरण वसईच्याच नावाचं. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या लेखनात तिच्या नावात शेपटीवाला सी येतो. लॅटिन-१मध्ये तो एकच बाइट, २३१. असं पान यूटीएफ-८ समजून वाचलं, तर २३१ला पुढची जोड मिळत नाही आणि तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. तसंच सेव्ह केलं की मूळ बाइट कायमचा गेला.

आता दुसरा रोग, निर्मळच्या पत्रकाचा. अक्षरांना अंक ठरवून देणारं भारतीय मानक इस्की १९९१मध्ये होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी छपाईचा व्यवहार श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांवर चालला. त्यांत रोमन अक्षराच्या अंकावर देवनागरी आकार बसवलेला असतो. त्यामुळे घोषणा कितीही बदलली तरी उपयोग नाही. त्या फॉन्टचाच तक्ता हवा. आणि तक्ता मिळूनही भागत नाही. जुनी फाईल डोळ्याला दिसतं त्या क्रमाने लिहिते: वेलांटी, न, म, रफार, ळ. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने लिहितो: न, वेलांटी, र, हलन्त, म, ळ. म्हणजे वेलांटी मागे सरकवायची आणि रफार पुढे आणायचा. 'स्थिती'त तर पहिल्या वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. घाईत लिहिलेले कन्व्हर्टर नेमके इथेच चुकतात, आणि 'निर्मळ' शोधणाऱ्याला ते पत्रक कधीच सापडत नाही.

गावोगावच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, बोलीतली गाणी अशा फाईलींत पडून आहेत. माझा आग्रह एवढाच, की रूपांतर केल्यावर मूळ फाईल पुसू नये. तिच्याशेजारीच फॉन्टची फाईल ठेवावी आणि फॉन्टचं नाव, आवृत्ती लिहून ठेवावी. शिवाजीत जुळवलेला मजकूर श्रीलिपीच्या तक्त्याने उलगडत नाही.