नाइटचा हिशेब

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. प्रयोगामागे पैसे मिळतात आणि त्याला म्हणतात ‘नाइट’. त्यामुळे कारखान्याचा पगारपत्रक प्रोग्रॅम इथे जसाच्या तसा चालत नाही.

सोप्या प्रोग्रॅमला तीन तक्ते पुरतात: माणसे, प्रयोग आणि उचल. समजा, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याची नाइट 800 रुपये आहे. महिन्यात 11 प्रयोग झाले, म्हणजे 8,800. दौऱ्याच्या चार दिवसांचा भत्ता रोज 300 प्रमाणे 1,200. एकूण 10,000. आधी घेतलेली 3,000 ची उचल वळती केली की हाती 7,000.

खरी गोम दर बदलतो तेव्हा कळते. जुना आकडा खोडून नवा लिहिला, तर मागचे हिशेबही बदलतात. म्हणून प्रत्येक दरासोबत ‘लागू तारीख’ नोंदवावी. करकपातीचे नियमही असेच वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. व्यावसायिक मानधनावरील करकपातीची वार्षिक मर्यादा एप्रिल 2025 पासून 30,000 वरून 50,000 रुपये झाली, तेव्हा अशा तक्त्यात एक नवी ओळ घातली की काम भागले.